हाताची तारीख

"ताई, थर तीनच असतात ना?"

मेढ्याच्या रस्त्याला एका मोरीचं काँक्रीट चाललं होतं. २०२१चा जानेवारी. बांधकामाचा माल तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या कामावर, सहा वर्षांच्या खंडानंतर, मी पुन्हा साईटवर उभी होते आणि मनातून खूश होते, कारण हात काही विसरला नव्हता. मिलरमधून, म्हणजे काँक्रीट कालवायच्या यंत्रातून, घमेल्यात माल घेतला, पत्रा ओला करून समपातळीत टेकवला, स्लम्प कोन (ओलं काँक्रीट किती घट्ट आहे ते बघायचा साचा) ठेवला, दोन्ही पट्ट्यांवर पाय रोवले आणि भरायला लागले. एक थर, सळईचे पंचवीस ठोसे. दुसरा थर, पंचवीस. तिसरा, पंचवीस. कोन पाऊण भरला होता. चौथ्या थरासाठी माल उचलला, तेव्हा शेजारी वही घेऊन उभा असलेला बावीस वर्षांचा मुलगा हळूच ते वाक्य बोलला. उत्तर त्याला माहीत होतं. मला वाईट वाटू नये म्हणून त्यानं त्याचा प्रश्न केला होता.

"चार," मी म्हणाले. "चार थर, पंचवीस-पंचवीस. लिही."

त्यानं वाद घातला नाही. दुपारी साताऱ्याला परतल्यावर मात्र माझ्या टेबलावर नवा कोड उघडून ठेवला. आयएस, म्हणजे भारतीय मानक, ११९९, भाग २, सन २०१८. तीन थर. माझे चार थर होते १९५९च्या कोडमधले. तो कोड मी पाठ केला होता, दहा वर्षं त्याच्यावर कामं केली होती आणि सहा वर्षं तो जसाच्या तसा हातात जपून ठेवला होता. मी विसरले असते तर बरं झालं असतं, निदान पुस्तक उघडून बघितलं असतं. हाताला सगळं लख्ख आठवत होतं, म्हणून पुस्तक उघडायची गरजच वाटली नाही.

तीन थरांत भरलं काय आणि चारांत काय, त्या मोरीच्या काँक्रीटला त्यानं धोका झाला असता असं मला वाटत नाही. पण आमच्या अहवालात एक ओळ छापलेली असते, चाचणी कोणत्या पद्धतीनं केली त्याची. कोडचा क्रमांक, भाग, वर्ष. त्या ओळीवर सन २०१८ असतं, खाली माझी सही असती, आणि प्रत्यक्षात मी १९५९ची चाचणी केलेली असती. तो मुलगा बोलला नसता तर मी खोट्यावर सही केली असती, आणि तेही अगदी प्रामाणिकपणे.

मी काम सोडलं २०१४ साली. मुलगी झाली होती, पाठोपाठ सासूबाईंचं दुखणं निघालं. घरात कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी कोण हे आपल्याकडे विचारावं लागत नाही. त्याबद्दल मला तक्रार करायची नाही; ती सहा वर्षं वाया गेली असंही मी कधी म्हणणार नाही. पण त्याच सहा वर्षांत माझ्या धंद्याची जमीन सरकली. २०१६ला खडी-वाळूचा आयएस ३८३ नव्यानं आला. १९७०च्या जुन्या कोडच्या नावातच 'नैसर्गिक स्रोतांपासूनची' असे शब्द होते. नव्यानं ते काढले आणि क्रश सँडला, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूला, हक्काची जागा दिली. मी गेले तेव्हा कृष्णेची वाळू कमी होत चालली होती, परत आले तेव्हा प्रयोगशाळेतल्या ट्रेमध्ये काळ्या बेसॉल्टची क्रश सँडच होती. २०१७ला प्रयोगशाळांचं मानक, आयएसओ १७०२५, बदललं. २०१८ला डांबरी रस्त्याचे थर ठरवण्याचा इंडियन रोड्स काँग्रेसचा कोड, आयआरसी ३७, नव्या आवृत्तीत आला. त्याच वर्षी स्लम्पचे थर बदलले. मी परत रुजू झाले त्या वर्षी क्यूबच्या, म्हणजे काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्याच्या, ताकदीचा आयएस ५१६सुद्धा नव्या रूपात आला. आणि माझा कराडचा डिप्लोमा होता तसाच होता. त्याच्यावर वर्ग आहे, वर्ष आहे, शिक्का आहे. कधी संपतो ते लिहिलेलं नाही. मला परत घेताना कुणी विचारलंही नाही. "आधीचा दहा वर्षांचा अनुभव आहे ना, मग झालं."

त्या संध्याकाळी एमआयडीसीतून घरी जाताना मला अण्णांची फार आठवण आली.

अण्णा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले जुने टेक्निशियन. मी २००४ साली लागले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. गाव कोरेगावकडचं. शिक्षण रयतच्या बोर्डिंगात, कमवा आणि शिका करत, मॅट्रिकपर्यंत. सगळं काम त्यांनी हातानं शिकलेलं. डांबराचा डबा उघडला की चिमटीत थोडं डांबर घेऊन ताणायचे आणि सांगायचे, साठ-सत्तर आहे, किंवा ऐंशी-शंभर आहे. मग आम्ही पेनिट्रेशनची सुई लावायचो: शंभर ग्रॅम वजन, पाच सेकंद, डांबराचं तापमान २५ अंश, सुई मिलिमीटरच्या किती दशांश शिरली ते मोजायचं. अण्णांचा अंदाज बहुतेक वेळा खरा निघायचा. साठ-सत्तर हे नावच मुळी त्या सुईवरून पडलेलं.

२००६ साली आयएस ७३ बदलला आणि ती नावं गेली. व्हीजी-१०, व्हीजी-३० आलं. डांबराची प्रत आता ६० अंशांवरच्या दाटपणावरून, म्हणजे व्हिस्कॉसिटीवरून ठरणार होती. कारण साधं होतं. सुई २५ अंशांवर शिरते, पण मे महिन्यात दहिवडी-म्हसवडच्या रस्त्यावर डांबर २५ अंशांवर नसतं. तिथं रस्त्याचा पृष्ठभाग साठीला टेकतो, जड गाड्यांची चाकं रुततात, चाकोऱ्या पडतात. २५ अंशांवर सारखी वाटणारी दोन डांबरं ६० अंशांवर वेगळी वागू शकतात, आणि सुईला ते दिसत नाही. याच जिल्ह्यात दुसऱ्या टोकाला महाबळेश्वरची डिसेंबरातली पहाट आहे, हेही लक्षात घ्या. व्हीजी-३०साठी ६० अंशांवर किमान २४०० पॉइज (दाटपणाचं एकक) अशी अट आली. काचेची नळी, निर्वात पंप, सेकंदावर चालणारं घड्याळ. चिमटीचं काम संपलं.

मला वाटलं होतं अण्णा चिडतील. आमच्या ओळखीतले किती तरी जण तेव्हा म्हणत होते, नाव बदललं, माल तोच आहे. अण्णांनी एक शंभर पानी वही आणली आणि दुपारी जेवणानंतर मला समोर बसवलं. "पोरी, तू विंग्रजी वाच आन् मला मराठीत सांग." मी कोडमधलं एकेक वाक्य वाचायची, मला समजलं तसं सांगायची, ते लिहून घ्यायचे. न पटलं तर परत वाचायला लावायचे. वीस-पंचवीस दुपारी लागल्या आम्हाला. एका ठिकाणी माझाच अर्थ चुकला होता, तो त्यांनी पकडला, कारण मी सांगितलं तसं केलं असतं तर नळीत डांबर चढलंच नसतं. भाषा मला येत होती, डांबर त्यांना. ती वही झाली तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि नवीन शिकलं नसतं तरी त्यांना कुणी काही म्हणणार नव्हतं.

अण्णांकडून मी आणखी एक गोष्ट शिकले, ती मात्र माझ्या हातून घडलेल्या अन्यायातून.

२००८ची गोष्ट. एका जिल्हा मार्गाच्या कामावर मुरमाच्या सबग्रेडची, म्हणजे रस्त्याच्या तळाच्या दाबलेल्या थराची, घनता मोजायला मी एकटीच गेले होते. सँड रिप्लेसमेंट. ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: दाबलेल्या थरात एक छोटा गोल खड्डा करायचा, त्यातून निघालेला सगळा मुरूम कणकण गोळा करून तोलायचा, आणि मग त्या खड्ड्यात एका नळकांड्यातून कोरडी, एकसारख्या दाण्याची वाळू सोडायची. किती वाळू बसली यावरून खड्ड्याचं आकारमान निघतं, त्यावरून मातीची घनता. या सगळ्याचा आधार एकच, वाळूची घनता. ती आधी प्रयोगशाळेत काढून ठेवलेली असते. माझ्या वहीत ती १.४३ लिहिली होती.

त्या दिवशी तीन ठिकाणी खड्डे घेतले. थर प्रॉक्टरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या, ९७ टक्के दाबलेला हवा होता. माझे आकडे ९४, ९५, ९४. मी नापास लिहिलं. ठेकेदाराचा मुकादम, वयानं माझ्या वडिलांएवढा, शपथेवर सांगत होता की रोलर पुरेसा फिरला आहे. मी ऐकलं नाही. आकडा आहे ना समोर, मग झालं. त्या लोकांनी रात्री पाण्याचा टँकर मागवला, थर खरवडला, पुन्हा दाबला. डिझेल, मजुरी, एक दिवस.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी माझी वाळूची पिशवी उचलली, मुठीत वाळू घेतली आणि फुंकर मारली. धूळ उडाली. "किती दिस झालं ही चाळून?" खरं तर पावसाळ्याआधीपासून मी तीच वाळू खड्ड्यातून गोळा करून परत परत वापरत होते. प्रत्येक खड्ड्यात थोडी मुरमाची बारीक माती तिच्यात मिसळत होती. त्या बारीक मातीनं दाण्यांमधल्या पोकळ्या भरल्या आणि वाळू जड झाली. अण्णांनी घनता काढली, १.४८ आली. खड्ड्यात जास्त वजनाची वाळू मावत होती, मी ते वजन जुन्या १.४३ने भागत होते, म्हणून खड्डा होता त्यापेक्षा मोठा दिसत होता आणि थर होता त्यापेक्षा सैल. हिशेब परत मांडला. ९७, ९८, ९७. थर आदल्या दिवशीच पास होता.

मी त्या मुकादमाकडे गेले आणि झालं ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा सांगितला. अण्णा परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले की वाळू रोज थोडी थोडी बदलत होती म्हणून तुला दिसली नाही. एका दिवसात बदलली असती तर लगेच कळलं असतं.

ते ऐकलं तेव्हा मला वाटलं ते वाळूबद्दल बोलत आहेत. हाताचंही तसंच होतं, हे कळायला मला पुढची पंधरा वर्षं लागली.

आमच्या प्रयोगशाळेत आज प्रत्येक यंत्रावर एक चिकटपट्टी आहे. कॅलिब्रेशन कधी झालं आणि पुढचं कधी आहे, अशा दोन तारखा. सीटीएमवर (क्यूब दाबून फोडायचं यंत्र), तराजूवर, ओव्हनवर, भार मोजायच्या प्रुव्हिंग रिंगवर. तारीख उलटली तर त्या यंत्रावर काम करायचं नाही, हा नियम इतका अंगवळणी पडला आहे की नवीन मुलंसुद्धा आधी पट्टी बघतात. पण त्या सीटीएमचा झडपेचं चाक फिरवणारा हात माझा आहे. क्यूबवर भार कोणत्या वेगानं चढवायचा हे ठरलेलं आहे, मिनिटाला चौरस सेंटिमीटरमागे १४० किलो. १५ सेंटिमीटरच्या क्यूबला याचा अर्थ मिनिटाला साडेएकतीस टन. एम-२५ प्रतीच्या काँक्रीटचा चांगला क्यूब ७० टनांच्या आसपास फुटायचा असेल तर सव्वादोन मिनिटं लागली पाहिजेत. जेवणाची वेळ झालेली असते, टबात अजून अठरा क्यूब असतात, आणि हात झडप जरा जास्त उघडतो. क्यूब मिनिटभरात फुटतो. भार घाईनं चढवला की काँक्रीट आहे त्यापेक्षा ताकदवान दिसतं. यंत्र बिनचूक, पट्टीवरची तारीख चालू, आणि आकडा चुकीचा.

नव्या १७०२५मध्ये ६.२ या कलमात माणसांबद्दल लिहिलं आहे. कुणाला कोणत्या चाचणीसाठी अधिकृत केलं आहे याची नोंद हवी, आणि त्याची क्षमता टिकून आहे का यावर लक्ष ठेवायला हवं. यंत्रांबद्दल याच मानकात ६.४ कलम आहे. म्हणजे पुस्तकात माणूस आणि यंत्र शेजारी-शेजारी बसले आहेत. वागणुकीत मात्र आपण यंत्राला दरवर्षी तपासतो आणि माणसाची फाईल एकदा भरली की कपाटात ठेवतो.

डिप्लोमाला माझ्या बाकावर बसणारा एक मित्र पुढे अमेरिकेत गेला आणि तिथं याच कामात आहे. मागच्या वर्षी एका रविवारी त्याचा फोन आला, तर पाठीमागं सळईचा आवाज. गॅरेजमध्ये कोन घेऊन सराव करत होता. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचं त्याचं फिल्ड टेस्टिंग टेक्निशियनचं प्रमाणपत्र संपत आलं होतं. ते पाच वर्षांचंच असतं. पाच वर्षं झाली की लेखी परीक्षा पुन्हा, आणि प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षाही पुन्हा. ताज्या काँक्रीटच्या सात चाचण्या: नमुना घेणं, तापमान, स्लम्प, घनता, हवेचं प्रमाण दोन पद्धतींनी, आणि नमुने भरणं. कागद बघायचा नाही. परीक्षक यादी घेऊन समोर उभा राहतो आणि एखादी पायरी सुटली की ती चाचणी गेली. हा माणूस चौथ्यांदा परीक्षा देत होता आणि त्याला धाकधूक होती.

"तुमचे थर किती?" मी विचारलं. तेव्हा माझ्या डोक्यात तेच होतं.

"तीन. पण सारख्या उंचीचे नाहीत, सारख्या आकारमानाचे. खाली कोन रुंद आहे ना, म्हणून पहिला थर फक्त सत्तर मिलिमीटरपर्यंत, दुसरा एकशे साठपर्यंत. पहिल्या परीक्षेत मी यातच गेलो होतो, कराडची सवय."

त्यानंच सांगितलं की तिथं केंद्राच्या पैशातून होणाऱ्या राष्ट्रीय महामार्गांसाठी नियमच आहे. २९ जून २००० नंतर, काम स्वीकारायचं की नाही हे ज्या चाचण्यांवर ठरतं त्या पात्र ठरवलेल्या माणसानंच करायच्या. आणि त्याखेरीज एक स्वतंत्र माणूस येऊन चाचणी करणाऱ्याचा हात आणि उपकरण बघून जातो. तिथल्या दुसऱ्या एका संस्थेचं, एनआयसीईटीचं, प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं. त्यासाठी त्या काळात काय शिकलात, काय केलंत याची नोंद दाखवावी लागते. अमेरिकेतलं सगळं चांगलं असं मला म्हणायचं नाही. तिथल्या कामाच्या अडचणी त्यानं मला पुष्कळ सांगितल्या आहेत. पण त्या गॅरेजमधल्या सळईचा आवाज माझ्या डोक्यातून गेला नाही. वीस वर्षं काम केलेला माणूस रविवारी सकाळी पंचवीस ठोसे मोजत होता, कारण पुढच्या शनिवारी त्याला कुणीतरी बघणार होतं.

हे आपल्याकडे व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि वाटलं की लगेच त्यातली अडचणही दिसते. आमच्याकडे चाळणी हलवणारा, क्यूब भरणारा मुलगा आयटीआय करून आलेला असतो. परीक्षेची फी तो कुठून भरणार? दोन दिवस पुण्याला किंवा मुंबईला जायचं तर रजा कोण देणार? ठेकेदाराच्या साईटवरच्या छोट्या प्रयोगशाळेत तर एकच टेक्निशियन असतो. तो गेला की काम थांबतं, म्हणून त्याला जाऊ देत नाहीत. बायकांचं आणखी वेगळं. माझ्यासारखी खंड पडून परत येते तेव्हा तिला सगळ्यात जास्त गरज असते, आणि रात्री मुक्कामाच्या प्रशिक्षणाला जाणं तिलाच सगळ्यात अवघड असतं. हा खर्च टेक्निशियनच्या खिशातून निघू नये. सीटीएमच्या कॅलिब्रेशनचे पैसे आपण सीटीएमकडून मागत नाही.

दुसरी अडचण मी स्वतः बघितली आहे. परत रुजू झाल्यावर मी हट्टानं एका दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले. कुणाचं होतं ते सांगायची गरज नाही. पोचले तेव्हा टेबलावर आमच्या नावांची प्रमाणपत्रं आधीच छापून, ओळीनं लावून ठेवलेली होती. दोन दिवस पडद्यावर चित्रं बघितली. कोपऱ्यात डांबरी मिश्रण तपासायचं मार्शलचं यंत्र होतं, त्याच्यावरचं प्लॅस्टिक शेवटपर्यंत कुणी काढलं नाही. बाराशे किलोमीटरवरून आलेला एक मुलगा माझ्या शेजारी बसला होता, त्याला हातोडा एकदा उचलून बघायचा होता. साडेचार किलोचा हातोडा, ४५७ मिलिमीटरवरून, दोन्ही बाजूंनी पंचाहत्तर ठोके. हे त्याला तोंडपाठ होतं, केलेलं नव्हतं. त्या प्रमाणपत्रानं माझी फाईल भरली. तारीख लिहिण्याचा आग्रह धरला की असे कागद वाढतील याची मला भीती वाटते, आणि तरीही तारीख हवी असं वाटतं. फक्त ती हात बघून लिहिलेली हवी.

माझा हात पहिल्यांदा खऱ्या अर्थानं बघितला गेला २०२३मध्ये. आम्ही प्रोफिशियन्सी टेस्टिंगमध्ये भाग घेतला होता. एकाच खडीचे नमुने बऱ्याच प्रयोगशाळांना पाठवतात, सगळ्यांनी तीच चाचणी करायची, आणि मग आपला आकडा सगळ्यांच्या आकड्यापासून किती दूर आहे ते झेड स्कोअरनं कळवतात. दोनच्या आत असला तर ठीक. दोन आणि तीनच्या मध्ये शंकास्पद. तीन किंवा पुढे असला तर चुकलंच. आमचा फ्लेकिनेस इंडेक्सचा आकडा आला उणे २.४. चाचणी मी केली होती.

फ्लेकिनेस म्हणजे खडीतले चपटे दगड. रस्त्यात चपटा दगड वाईट, रोलरखाली तुटतो. जाड पत्र्याच्या गेजमध्ये ठरावीक रुंदीच्या फटी असतात, त्या त्या आकाराच्या सरासरीच्या ०.६ पट. १६ ते २० मिमीच्या खडीला १०.८ मिमीची फट. त्यातून जो दगड जाईल तो चपटा. प्रत्येक आकाराचे किमान दोनशे दगड, एकेक हातात घेऊन बघायचे. यात मोटर नाही, मीटर नाही. आम्ही आधी गेज तपासला, व्हर्नियरनं प्रत्येक फट मोजली. बरोबर होती. तराजू बरोबर, चाळण्या बरोबर. मग मला अडवणारा तोच मुलगा, आता तो सिनिअर झाला आहे, म्हणाला, "ताई, तुम्ही पन्नास दगड करा, मी नुसता बघतो."

केले. त्यानं ते पन्नास दगड परत घेतले आणि मी जाड म्हणून बाजूला टाकलेल्यांतले सात फटीतून काढून दाखवले. दगड एका बाजूनं अडला की मी टाकून देत होते. तो फिरवून दुसऱ्या बाजूनं, तिरका करून लावून बघायचा असतो. हे मला माहीत होतं. मी नवीन मुलांना हेच शिकवत होते. तोंडानं शिकवत होते आणि हातानं करत नव्हते, आणि मधलं अंतर मला दिसत नव्हतं.

त्या रात्री झोप लागली नाही. किती अहवाल, किती क्रशरची खडी, किती किलोमीटर. मी पैसे घेऊन कधी आकडा बदलला नाही. दबाव आला तेव्हा उभी राहिले, त्याची किंमतही मोजली. आणि हा हात मला न विचारता, कंटाळ्यानं, क्रशरवाल्याच्या बाजूला झुकत गेला होता. २००८ला तोच हात ठेकेदाराच्या विरुद्ध झुकला होता. हाताला बाजू कळत नाही, कमी कष्टाची वाट तेवढी कळते. लबाडी पकडायला आपल्याकडे माणसं आहेत, दक्षता व गुणनियंत्रण आहे, ग्रामसडकेवर राज्याचे आणि राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षक येतात. या झुकलेल्या हाताला पकडायला मात्र शेजारी उभं राहून बघणारं कुणीतरी लागतं, आणि करणाऱ्याला ते रोज शेजारी नकोसं वाटतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. अण्णांसारखी शंभर पानी. दर पानावर एक चाचणी, कोडचं चालू वर्ष, त्यात काय बदललं, आणि खाली दोन तारखा: माझा हात कुणी बघितला आणि परत कधी बघायचा. सहा महिन्यांची मुदत मी घालून घेतली आहे. दर महिन्याला दोन-तीन चाचण्यांची पाळी येते. प्रयोगशाळेनं आता ही पद्धत सगळ्यांना लावली आहे. बघणारा माणूस वरच्या हुद्द्याचाच हवा अशी अट आम्ही ठेवली नाही, कारण वरच्याचा हातही त्याच जुन्या सवयींतून आलेला असतो. कोड उघडा ठेवून, पायरीगणिक खूण करत जाणारं कुणीही चालतं.

गेल्या गुरुवारी क्यूब भरण्याचं पान होतं. बघायला आठ महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी होती, आयटीआय झालेली, अण्णांच्याच बाजूच्या गावची. तिला ते अवघड वाटत होतं. मी मोल्ड घट्ट केला, तेलाचा हात दिला, पाच सेंटिमीटरचा पहिला थर टाकला आणि सळई चालवायला लागले. पस्तीस ठोसे, सगळीकडे सारखे, कोपऱ्यांतसुद्धा. दुसरा थर. तिसरा. वरून थापीनं सपाट केलं आणि तिच्या कागदाकडे बघितलं. सगळ्या चौकटींत खुणा होत्या, एक मोकळी होती. तिनं तिच्यावर बोट ठेवलं होतं.

"काय राहिलं?"

"काही नाही मॅडम."

"बोट काढ."

दुसऱ्या थरापुढची चौकट. तिनं मान खाली घातली. "तेहतीसच झाले, मॅडम. माझं मोजण्यात चुकलं असेल."

मला पस्तीस झाल्याचं अगदी पक्कं वाटत होतं. तिनं कागदाच्या कडेला पाच-पाचच्या रेघा मारल्या होत्या. सहा जुडगे आणि वर तीन. मी त्या दोनदा मोजल्या.

"लिही, तेहतीस," मी म्हणाले. "पेननं."

तिनं लिहिलं. मी मोल्ड उपडा केला, माल घमेल्यात काढला, बाजू पुसल्या, परत तेल लावलं. तिनं कागदावर नवी ओळ आखली आणि माझ्या हाताकडे बघत उभी राहिली.